माणगावात समुद्र नव्हता

हिवतापानं वडिलांचं पार चिपाड झालं होतं. भात झोडून कणगीत पडलं तरी अंगात ताकद येईना, तेव्हा पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हवापालट करा. समुद्रावर आठ-दहा दिवस जाऊन राहा." काढा, पथ्य, देवाला नारळ ही औषधं आमच्या माले गावाला ठाऊक होती. कुठंतरी जाऊन नुसतं राहायचं, हे औषध पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. वडिलांना तर तो अपमानच वाटला. पुण्याची माणसं हवा खायला आमच्याकडं येत, आणि आम्ही हवेसाठी दुसरीकडं जायचं!

पण ताप उलटला आणि ते कबूल झाले. मग प्रश्न आला मुक्कामाचा. धाकटे चुलते म्हणाले, अलिबागला जावा, तिथं कचेरी हाय.

"मला काय दावा लावायचाय?" वडील म्हणाले.

"मग मुरूडला जावा. पान्यात किल्ला हाय म्हनं."

"तितं आपलं कोन हाय?"

खरी मेख इथं होती. ओळख नसलेल्या गावात उतरायचं आणि परक्याच्या घरी पैसे मोजून जेवायचं, हे आमच्याकडं कमीपणाचं मानत. तांदूळ निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "माणगाव बरं. माझ्या गावचं घर हाय तितं एक."

ते घर तिच्या मैत्रिणीचं. दोघी एका आळीत वाढलेल्या. मुळशीच्या धरणात त्यांचं गाव बुडालं तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईचे लोक इकडं वर राहिले, मैत्रिणीचे घाट उतरून गेले, आणि त्यानंतर तीसेक वर्षांत भेट नाही. आमच्याकडं बाई माहेरी जाई, लग्नाला जाई, जत्रेला जाई. मैत्रिणीला भेटायला जायची रीतच नव्हती. आई उघड बोलली असती तर वडील हसले असते, आणि ते हसणं तिला सोसलं नसतं. हे तिनं मला एकटीला सांगितलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. वर हेही सांगितलं होतं की माणगावात समुद्र नाही. "पन त्वांड उघाडशील तर बघ!"

वडिलांना मात्र माणगाव एकदम पटलं. "मीठ माणगावावरनं येतं. सुकट माणगावावरनं येती. मग समुद्र काय पौडात हाय व्हय?" चुलत्यांनी मान डोलावली. आम्ही घाटावरची माणसं. घाट उतरला की पाय पाण्यातच, अशी आमची पक्की समजूत. दोन मोठी माणसं मिठावरून समुद्र ठरवत होती आणि मी ओठ आवळून बसले होते. वडिलांच्या तब्येतीची काळजी होतीच, पण आईची भेट हुकू नये असं त्याहून जास्त वाटत होतं. हे कबूल करायला आज लाज वाटत नाही.

ताम्हिणीपर्यंत बैलगाडी, पुढं पायवाट. दर वळणावर वडिलांना बसवत आम्ही उतरलो. खाली एका वाडीत ते नाक वर करून म्हणाले, "आला बग वास समुद्राचा." अंगणात कुणीतरी बोंबील वाळत घातले होते. आईनं पदरात तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणगावला पोचलो. वडिलांनी चहाच्या दुकानात विचारलं, "समुद्र कुन्या अंगाला?"

"समुद्र?" दुकानदार म्हणाला. "तो श्रीवर्धनला. एस्टीनं जा, चौदा-पंधरा कोस आहे."

बाकावरची माणसं खो खो हसली. वडिलांचा चेहरा तापात असतो तसा लाल झाला. "बोचकी उचला. आत्ताच्या एस्टीनं जायचं."

आई हलली नाही. "तुमी जावा पोरीला घेऊन. मी हितंच ऱ्हानार. मला म्हाईत हुतं समुद्र हितं न्हाई." आणि चार लोकांत तिनं सगळं सांगून टाकलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"मंग पयलंच का न्हाई बोललीस?"

"तुमी हसला असता."

हसले असते, हे वडिलांनाही ठाऊक होतं. बोचकं खाली ठेवून त्यांनीच दुकानदाराला घराचा पत्ता विचारला.

मैत्रीण अंगण सारवत होती. तिनं वर पाहिलं आणि आईला अशा नावानं हाक मारली, जे मी कधीच ऐकलं नव्हतं. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. जुनं नाव माहेरच्यांच्या तोंडी राहतं, आणि आईच्या माहेरचं तर कुणीच उरलं नव्हतं. आई "ओ" म्हणाली नि धावली. शेणाच्या हातांनीच दोघी गळ्यात पडल्या. आईचं एकुलतं एक चांगलं लुगडं भरलं, पण तिचं लक्ष नव्हतं. मला तिचा हेवा वाटला आणि फार बरंही वाटलं.

मैत्रिणीच्या नवऱ्याची बहीण श्रीवर्धनला दिलेली होती, म्हणजे ओळखीचाही प्रश्न सुटला. वडील आणि मी तिथं आठ दिवस राहिलो. ते दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले, वाळूत फिरू लागले. एकदा पाण्याकडं बघत म्हणाले, "तिला दावायला पायजे हुतं." माणगावला परत आल्यावर त्यांनी आईला, चलतीस का समुद्र बघायला, असं विचारलंही. दोघी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "उद्या तर निघायचंय." एवढी हसरी आई मी आधी पाहिली नव्हती.

घरी आलो तशा आळीतल्या बायका जमल्या. "काय गं, समुद्र कसा हाय?"

आई गडबडली. आजारी नवऱ्याला पोरीसोबत पाठवून मैत्रिणीकडं राहिली, हे कळतं तर गावानं वर्षभर चघळलं असतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ती काय सांगती!" ओसरीवरून वडील म्हणाले. बायकांच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. "गुडघाभर पान्यात शिरली नि लाट आली तशी किंचाळली. मीच हाताला धरून भाईर काढली."

बायका हसल्या. आईनं मान खाली घातली. मी खोटं बोलले म्हणून वडिलांनी मला कैकदा बदडलं होतं. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते जराही न कचरता मला म्हणाले, "व्हय का न्हाई गं?"

मी म्हटलं, "व्हय, आबा."