आईनं मागितलेली प्रार्थना

बोलायला बसले की आमचे ग्रंथपाल आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. "दहा मिनिटं आहेत, सर. पूर्ण तुमची." आणि खरोखरच तेवढा वेळ ते फक्त ऐकायचे. मोबाइल नाही, इकडेतिकडे बघणं नाही. अकराव्या मिनिटाला घड्याळ हातावर आणि स्वारी कामावर. मला त्याचा रागच यायचा. स्टाफरूममध्ये अर्धा अर्धा तास प्राचार्यांच्या नावानं खडे फोडणारे आम्ही. आम्हाला घड्याळ दाखवणारा हा कोण?

नोकरीसाठी ते या तेलुगू मुलखात, जामबागेतल्या आमच्या कॉलेजात आले होते. मूळचे जालन्याचे, मराठी ख्रिस्ती. निवृत्तीनंतर तिकडेच परत गेले. धर्मावरून कुणी खोचक बोललं तरी चिडायचे नाहीत. एकदा इतिहासाच्या सरांनी विचारलं, "काय हो, आम्हाला स्वर्गात कधी नेताय?"

"नेऊ की, सर. आधी पुस्तक परत करा, तीन महिने झाले."

नाताळात आमच्यासाठी ते मुद्दाम बिनअंड्याचा केक आणायचे. "भांडं पण नवं घेतलंय, काळजी नक्को." आम्ही तोंडभर हसून तुकडा घ्यायचो आणि निम्मे लोक तो कागदात गुंडाळून टाकून द्यायचे. त्यांना हे कळत नव्हतं, असं वाटतं तुम्हाला? कचऱ्याची बादली ग्रंथालयाच्या दारातच होती! तरी पुढच्या नाताळात केक हजर. असल्या सोशिकपणाचा मला संताप येतो. एकदा तरी डबा आपटायचा ना टेबलावर!

चिक्कडपल्लीच्या आमच्या घरी आई होती, नजर गेलेली. वडील हयातीत सरकारी नोकरीत, कायम फिरतीवर. त्यांनी लिहिलेली पत्रं तिनं जपून ठेवली होती आणि ती कुणीतरी वाचून दाखवावीत, एवढंच तिचं मागणं होतं. माझ्या मुलाला मराठी वाचता येत नाही. मला येतं, पण वेळ नव्हता. म्हणजे काय करत होतो, ते विचारू नका. टीव्हीवरची एकही चर्चा मी चुकवत नव्हतो. हे मी ग्रंथपालांजवळ सहज बोललो, आणि पुढच्या गुरुवारी पाच वाजता ते आमच्या दारात उभे.

वर्षभर ते दर गुरुवारी आले. पाऊण तास वाचायचे. 'आजही डाळ कच्चीच राहिली' असलं काही पत्रात आलं की आई हसत सुटायची. तिचं हसून होईपर्यंत ते थांबायचे. येशूचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. शेवटी आईनंच विषय काढला, "लायब्रीवाले, तुमच्या देवाजवळ तुम्ही जे म्हणता, ते एकदा माझ्यासाठी म्हणा."

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले. "सर, मावशी प्रार्थना करा म्हणतात. तुमच्या माघारी तुमच्या घरात मी करणार नाही. तुम्ही हौ म्हणा, तुमच्यासमोर करतो."

"बघू. गडबड काय आहे?"

"त्यांचं वय झालंय, सर," एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून माझा धाकटा भाऊ आला. आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आईकडे सहा महिन्यांतून एकदा फिरकणारा. आईनं भोळेपणानं त्यालाही प्रार्थनेचं सांगितलं. गुरुवारी तो दारातच आडवा उभा राहिला.

"कायकू येता तुम्ही इथं? म्हातारीला एकटी गाठून बाटवायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी त्यांनी मागितली होती, आणि ती माझ्याकडेच. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक. मी कठड्यावरच्या कुंडीकडे बघत राहिलो. नेभळट!

"आई तुमची आहे, काळजी वाटणारच," ते भावाला म्हणाले. "येणार नाही मी."

आवाज चढला नाही. चढवायला हवा होता! 'सर, सांगा ना यांना,' असं चारचौघांत मला विचारायला हवं होतं. मग निदान मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला वाचवलं, आणि त्याबद्दल अजून मी त्यांना माफ केलेलं नाही.

पुढचे पाच गुरुवार आई विचारत राहिली, "लायब्रीवाले आले का?" मी सांगायचो, रजेवर आहेत. एकदा पत्र घेऊन मीच वाचायला बसलो, तर म्हणाली, "तू फार भरभर वाचतोस. राहू दे." सहावा गुरुवार तिनं पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले आणि भिंतीशी बसले. समोर भाऊ होता. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "ती प्रार्थना... आता म्हणाल?"

"मावशींना आता तिची गरज नाही, सर. तुम्हाला हवी असेल तर तुमच्यासाठी म्हणतो. इथंच. म्हणू?"

हवी होती. आणि मी मान वळवून भावाकडे पाहिलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि जिना उतरून गेले.