मेलेल्या कलमांची माती

महाविद्यालयातून निवृत्त होऊन मी पालीजवळच्या आमच्या गावी राहावयास आलो, तेव्हा दादाची आंब्याची बाग सड्यावर नुकतीच लागली होती. सडा म्हणजे उघडा जांभा खडक. त्यावर माती नावालाही नाही. यंत्राने खडकात चौकोनी खड्डे पाडले होते आणि ते भरण्यासाठी माती आणली होती घराखालच्या भाताच्या खाचरातून. खाचर दादाच्या नावावर असले, तरी लग्न होऊन आल्यापासून तिथे राबली ती वहिनी. माती उचलताना ती एवढेच म्हणाली होती, "वरची वरची घ्या. खालची राहू द्या." डंपरने तळापर्यंत सगळी नेली.

मला बागायतीतले काही कळत नव्हते. दादा सांगेल ते मी करी.

पहिली काही वर्षे कलमे तरारली. मग दर पावसाळ्यात एखादे पिवळे पडू लागले. पूर्वी खड्डे सुरुंगाने फोडत, त्यामुळे तळाचा दगड तडकून पाण्याला वाट मिळे. यंत्राने कापलेला तळ सबंध राहिला होता. आषाढात प्रत्येक कलम जणू दगडी टाकीत उभे असे, आणि मुळे कुजत.

पहिले मेलेले कलम पाऊस सरल्यावर दादाने उपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घमेले घेऊन वर आली आणि त्या खड्ड्यातली माती भरू लागली.

"काय गो हे?" दादाने विचारले.

"माझी माती नेतेय."

"तिथे नवीन कलम लावायचंय मला."

"लावा की. दगडात लावा." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "भावोजी, परीक्षेच्या वर्गात उभे असल्यासारखे बघताय काय? धरा एक घमेलं."

मी दादाकडे पाहिले. तो पाठ फिरवून पुढच्या कलमाकडे गेला, म्हणून मी घमेले उचलले.

तेव्हापासून तसेच ठरून गेले. मेलेल्या कलमाची माती वहिनीची. जगलेल्याला ती हात लावत नसे. आंबूस वासाची ती माती खाचराच्या कोपऱ्यात पसरून ती तेवढ्याच तुकड्यात भात लावी. बाग जगली तर तिचे खाचर परत येणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते.

यंदा वैशाखात दादाने तिला सड्यावर बोलावून घेतले. कडेच्या एका कलमाची साल त्याने नखाने खरवडली. आत काळे होते.

"हे जातंय. पावसाआधी माती नेलीस, तर लावणीला उपयोगी पडेल. मी आत्ता तोडतो."

वहिनीने वाकून खालची फांदी हातात धरली. "ह्याला अजून पान आहे."

"जगायचं नाही ते."

"मग मरू दे आधी," ती म्हणाली, आणि रिकामे घमेले घेऊन खाली उतरली.