जयघोष मंडळाचा याकोब

दिनांक १४ नोव्हेंबर १९५४, रविवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. आलापल्लीतील सरकारी क्वार्टरच्या ओसरीवर मी दाढी करीत होतो. शेजारच्या आवारातून असा काही आवाज आला की हात हलला आणि हनुवटी कापली. ती खूण अजून आहे. त्यामुळे तारीख आणि वेळ यांबद्दल कुणी शंका घेऊ नये. जयघोष मंडळाची ती पहिली तालीम होती.

हनुवटीला टॉवेल लावून मी तक्रार करण्यास गेलो. मोहाच्या झाडाखाली चार माणसे होती. एक ताशा बडवीत होता, दुसरा रॉकेलचा पिपा. तिसरा, लिंगू मडावी नावाचा दांडगा गोंड गडी, कमरेएवढा ढोल वाजवीत होता. चौथा पेटीवर होता आणि त्या पेटीला ग्रामोफोनचा पितळी कर्णा स्क्रूने बसवलेला होता. तो याकोब. मी काय बोललो ते कुणालाही ऐकू गेले नाही. पेटीचा भाता दमला तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"बाबूजी, तुमी काई म्हनून राह्यले होते का?"

"हा काय प्रकार आहे?"

"भजन हाये."

"भजन असे असते?"

"शास्त्रात देवाचा जयघोष करा म्हटलं हाये, बाबूजी. पुटपुटा असं कुठीच म्हटलं नाई."

मी परत जाऊन उरलेली दाढी केली.

याकोब आमच्याच लाकूड डेपोत होता. मी मोजणी कारकून, तो ओंडके तपासणारा. सागाचा ओंडका बाहेरून सरळ दिसला तरी आतून पोकळ असू शकतो. याकोब एका टोकाला कान लावून बसे आणि दुसऱ्या टोकाला मजूर हातोडीने टिचकी मारी. "आत बिऱ्हाड हाये," तो म्हणे, म्हणजे पोकळ. "मानूस चांगला हाये," म्हणजे भरीव. मी त्याप्रमाणे वहीत नोंद करी. त्याची चूक झालेली मला आठवत नाही.

त्याची आई मार्थाबाई एके काळी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत गाणे उचलणारी, म्हणजे सर्वांआधी सुरू करणारी, बाई होती. ती बहिरी झाली, तरी दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसून, मागे वळून लोकांचे ओठ पाहत गात असे. लोक तिसऱ्या कडव्यावर असताना ती पहिल्याच कडव्यावर असे आणि सगळे थांबल्यावर उरलेली दोन कडवी एकटी म्हणे. पाळकसाहेब डोळे मिटून वाट पाहत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा मागच्या बाकांवर हसू फुटले. ते तिने पाहिले. त्या दिवसापासून तिने गाणे बंद केले. देवळात येई, तोंड मिटून बसे.

याकोबने हे मला एकदाच सांगितले, तेही ओंडक्याला कान लावून असताना. "मायले एक गानं आयकू गेलं पायजे, बाबूजी. मंग ती आपोआप म्हनंल."

मंडळ काढण्याचे एवढेच कारण होते. बाकीचे सारे नंतर चिकटले.

गाणी तो स्वतः रची. पहिले गाणे असे होते:

"ये ना येशूबावा, आमच्या झाडीत ये,
धान पिकला, बोरं पिकली, जेवून मंग जाय."

गाण्यात दोष नव्हता. दोष असा होता की ते संपत नसे. वाद्ये एवढी मोठी होती की वाजवणाऱ्यांना एकमेकांचे ऐकू येत नसे. एक थांबला तरी तिघे चालू राहत. मग थांबलेल्याला आपलेच चुकले असे वाटे आणि तो पुन्हा सुरू करी. एका लग्नात येशूबावा जेवायला आला तो पाऊण तास उठलाच नाही, आणि नवरीच्या खासराचे, म्हणजे छकड्याचे, बैल बुजून तिला घेऊन परत तिच्या माहेरी पोचले.

ओंडके लोटताना गाड्या थांबवण्यासाठी डेपोत लाल निशाण असे. ते माझ्या ताब्यात होते. याकोब म्हणाला, "बाबूजी, तुमी निसतं निशान दाखवा. गावं लागत नाई, हसावं लागत नाई. तुमाले जमंल." अशा रीतीने मी जयघोष मंडळात दाखल झालो. मी ख्रिस्ती नाही. लिंगूही नव्हता. पाळकसाहेबांनी एकदा विचारले, "हा आपल्या मंडळीतला आहे का?" याकोब म्हणाला, "नाई, साहेब. पन ढोल त्याचा हाये."

आरागिरणीतले मोडीत निघालेले एक गोल पाते मी रीतसर अर्ज घेऊन याकोबला देवविले. ते मोहाला टांगून हातोडीने वाजवीत. त्यानंतर मंडळाची कीर्ती वाढली. मात्र भाविकांत नव्हे. धान पिकले की शेतात रानडुकरे उतरतात. मंडळाने एका गावी दिवेलागणीला दोन गाणी म्हटली आणि त्या शिवारात आठ दिवस डुक्कर फिरकले नाही. ही बातमी भामरागडपर्यंत गेली. मग गावोगावचे पाटील खासर जुंपून बोलावणी घेऊन येऊ लागले. ज्या गावांत येशूचे नाव माणसांनी ऐकले नव्हते, तेथे ते रानडुकरांनी ऐकले.

पाळकसाहेब नगरकडचे, शांत प्रकृतीचे. त्यांनी याकोबला बोलावून विचारले, "ही उपासना आहे की हाका?" शिकारीत माणसे आरडाओरडा करीत जनावर उठवतात, त्याला हाका म्हणतात. "देवळाच्या पायरीखाली काय वाजवायचे ते वाजवा. आत नाही."

तीन नाताळ मंडळ पायरीखाली वाजवीत राहिले. मार्थाबाई आत बसून राहिली. तिच्या कपाळावरची माशीसुद्धा हलली नाही.

चौथ्या वर्षी याकोबने डोके चालवले. "बाहेर वाजवलं का आवाज हवेत जाते, बाबूजी. आत वाजवलं का फळीत जाते, फळीतून बाकात जाते. अन् बाकावर माय हाये." देवळाची जमीन सागाच्या फळ्यांची होती.

तो पाळकसाहेबांना डेपोत घेऊन आला. मी हजर होतो. त्याने त्यांना तीस फुटी ओंडक्यापाशी भुशात गुडघे टेकायला लावले. "टोपी काढा, साहेब. कान लावा. हं, आता दुसरा कान बंद करा." मग दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने नखाने लाकूड खरवडले. हातोडी नाही, नख.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. कानाला भुसा चिकटला होता.

"ऐकू आले," ते म्हणाले. "एक गाणे. एकच. आणि हे गृहस्थ निशाण घेऊन उभे राहणार असतील तर."

पुढे जानेवारीत माझी चांद्याला बदली झाली आणि याकोब पुन्हा भेटला नाही. म्हणून १९५७ च्या नाताळचा तो दिवस सांगून थांबतो.

ढोल पहिल्या बाकाला टेकवून ठेवला होता. मार्थाबाईने दोन्ही तळवे बाकावर ठेवले होते. तसे तिला याकोबने खुणेने सांगितले होते. तीन कडवी होताच निशाण दाखवायचे, असा माझा करार होता. पहिले कडवे झाले. म्हातारी समोर पाहत होती. दुसरे झाले. तिसरे झाले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. याकोबनेही पाहिले.

मी निशाण उचलले नाही. हात आखडला होता, असे मी नंतर पाळकसाहेबांना सांगितले. ते खोटे होते.

सहाव्या की सातव्या फेरीला मार्थाबाईने उजवा तळवा उचलला, पुन्हा टेकवला आणि बोट हलवू लागली. मग तिने मान वळवली आणि बहिरी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात, सगळ्या वाद्यांवरून ऐकू जाईल असे म्हणाली,

"याकोब, तो पिपेवाला मांगं पडून राह्यला."

चौघे एकदम थांबले. मंडळाच्या इतिहासात निशाणाशिवाय थांबण्याचा तो एकच प्रसंग.

"काऊन थांबले?" ती म्हणाली. "पुन्हा धरा. मी उचलतो." आणि तिने उचलले. आवाज चिरका होता, पण ठेका बरोबर होता. मागच्या बाकांवर कुणी हसले नाही.

उपासनेनंतर पंगत बसली. मार्थाबाई पिपेवाल्याला समोर बसवून ताटाच्या काठावर बोटाने ठेका शिकवीत होती. याकोब जेवायला बसला नाही. देवळाच्या छपरावरची काही कवेलू गाण्याच्या वेळी घसरली होती. तो शिडी लावून वर चढला. नऊ कवेलू होती. नऊ कवेलूंना एवढा वेळ लागत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे पाठ करून तो बराच वेळ बसला होता.

शेवटी त्याने वरून विचारले, "साहेब, आतून उजेड दिसते का?"

पाळकसाहेब आत जाऊन पाहून आले. "एका ठिकाणी दिसतो. डावीकडे."

त्याने ते कवेलू सरकवले, खाली उतरला, आणि शिडी उचलून मागच्या भिंतीला नेऊन ठेवली.