पोरीची पहिली हाक

माझी थोरली पोरगी चार वर्साची झाली तरी चालत नव्हती, बोलतबी नव्हती. सासू म्हनायची, "आदी पाय फुटू दे, मग वाचा फुटंल." म्हून आमी पायाच्याच मागं लागलो. सुतारानं पांगुळगाडा करून दिला. वाचंसाठी काय, तर जिभंला वेखंड उगाळून लावायचं, तेवढंच. मला शेताची घाई. कुठं थांबत बसायचं, म्हून तिला कडंवरच घ्यायची. तिनं हात वर केला की पानी, मान वळवली की भाकर. बोलायचं काम म्या तिला ठेवलंच न्हाय.

निजामाचं राज मोडायला आलतं तवा त्याच्या बाजूचे घोड्यावरचे बंदूकवाले लुटायला गावात शिरायचे. येक दिस दुपारच्याला आरडा झाला, तशा आमी बाया लेकरं घेऊन उभ्या जवारीत घुसलो. बाकीच्यांची लेकरं कुरकुरत हुती, त्यांच्या तोंडात पदराचे बोळे. माझी मांडीवर गप. थोरली जाऊ कानाशी म्हनली, "तुझं बेस हाय बाई. तुझ्या वासराच्या गळ्यात घंटीच न्हाय."

मला हसू आलं. खरं सांगते, बरं वाटलं तवा.

घोडे बांदावर आले. तेवढ्यात पोरगी माझ्या तोंडाकडं बघून म्हनली, "आये." साफ म्हनली.

म्या तिचं तोंड दाबलं. घोडे गेले, बाया उठल्या, तरी माझा हात तसाच.

"आगं सोड की," जाऊ म्हनली, "गुदमरंल ती."

घरी आल्यावर लई विनवलं. गूळ दावला. न्हाय बोलली. पुढच्या सुगीला पाय फुटले. वाचंला मातर आनिक वर्सं गेली. वैद म्हनला, काही लेकरांचं समदंच उशिरा आस्तं. आसंल बी. पन हाक आलती, अन म्या ती माघारी घातली. जावंनं कवा इषय काढला न्हाय, म्याबी न्हाय.

आता तिचीबी केसं पिकली. माझ्यापाशीच ऱ्हाती. अडखळत बोलती, थोडंच. "आये" म्हनली की हातातलं ठेवून मी आदी ओ देते. तिला काय पायजे ते मला ठावं आस्तं. तरी इचारते, "काय गं?" अन थांबते.