नाव घेऊन बोलणाऱ्या सिस्टर

सिस्टर मोबाईलवर कधीच काही लिहीत नसत. त्या बोलत. फोन भाकरीसारखा तळहातावर आडवा धरायचा, तोंडासमोर आणायचा आणि पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज लावायचा. "नंदाऽ, ऐकतीस का? पोराला टोचून आणलंस का न्हाई?" आमच्या नसरापूरच्या ऑफिसात हा आवाज घुमला की शेजारचा झेरॉक्सवाला हातातलं काम थांबवून हसायचा. निरोप कसलाही असो, आधी नाव. त्या म्हणत, "नाव घेतल्याबगर सांगितलं तर त्ये शेजारणीला सांगितल्यावानी वाटतं."

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या आमच्या संस्थेत आल्या. भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांमधल्या बाळंतिणी, तान्ही पोरं आणि खोकल्याचे पेशंट यांच्याकडे लक्ष ठेवायचं, असं आमचं काम होतं. मी ऑफिस सांभाळायची. पुण्याच्या मुख्य कार्यालयाने सगळ्यांच्या मोबाईलवर कामाचं एक ॲप घालून दिलं, तेव्हा आमच्या भागाची ॲडमिन मलाच केलं. त्यात मी एक गट काढला आणि कर्मचाऱ्यांबरोबरच गावोगावच्या पंधरावीस बायकाही पाहुण्या म्हणून आत घेतल्या. या पगारी नव्हत्या, पण सिस्टरांचं सगळं काम त्यांच्याच जिवावर चालायचं. त्यातलीच एक नंदा, पानशेतच्या पाण्यापलीकडल्या वस्तीवरची.

गटात काहीही टाकायचं झालं की मी विचारायची, "सिस्टर, हे कोणाकोणाला दाखवू?"

"समद्यास्नी दिसू दे गं. झाकून काय ठेवायचं?"

आणि त्याचा उपयोगही होत असे. एकदा पासली गावाकडच्या एका बाईच्या कळा सुरू झाल्या आणि गाडी मिळेना. सिस्टरांनी गटात नुसता आवाज टाकला. वेल्ह्याच्या एका सभासद बाईचा नवरा टेम्पो घेऊन बाजाराला निघाला होता, तो तसाच मागे फिरला. पोरगी दवाखान्याच्या दारात जन्मली. त्या दिवशी सिस्टर गटातल्या प्रत्येकीचं नाव घेऊन बोलल्या. सगळ्यांची नावं संपेपर्यंत माझा चहा गार झाला.

पण झाकून न ठेवण्याचा दुसराही परिणाम व्हायचा होता. एका सुनेच्या थुंकीच्या तपासणीचा कागद गटातून कुणीतरी बाहेर पाठवला. टीबीचं नाव गावभर झालं आणि सासरच्यांनी तिला माहेरी घालवलं. सासरच्यांची समजूत घालायला सिस्टर स्वतः गेल्या, मीही बरोबर होते. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. अंगणातच उभ्या राहून बोलल्या आणि आल्या तशा परत फिरल्या. कागद कुणी पाठवला, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. एसटीत माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाल्या, "मीच म्हनत हुते ना, समद्यास्नी दिसू दे."

पुण्याने ॲपची नवी व्यवस्था आणली ती यानंतर. ती चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. प्रत्येक कागद कुणाला दिसणार, हे आधी ठरवावं लागू लागलं. बाहेरच्या माणसाच्या नावापुढे 'पाहुणा' असा पिवळा शिक्का दिसू लागला आणि पाहुण्यांची मुदत आपोआप संपू लागली. ॲडमिनचे अधिकार एकट्या पुण्याकडे गेले. मी साधी सदस्य झाले. एका सकाळी नंदाने गट उघडला, तर पडद्यावर नुसतं एक कुलूप आणि खाली बटण, 'परवानगी मागा'. तिने मागितली. बाकीच्यांनीही मागितली. त्या मागण्या मला दिसत, पण मंजूर करायचं बटण माझ्याकडे उरलं नव्हतं.

सिस्टर माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. "ह्या समद्या दाराशी उभ्या हायेत, व्हय?"

"हो."

"आन् तुला कडी काढता येत न्हाई?"

"नाही सिस्टर. आता ते पुण्यातून होतं."

त्या चिडल्या नाहीत. "त्यांचं बी खरं हाय," म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून एकेकीला फोन लावू लागल्या. पाण्यापलीकडे रेंज टिकायची नाही. नंदाला हाक मारायच्या, हाक अर्ध्यात तुटायची, पुन्हा लावायच्या. पुढे काही महिने त्यांचं काम असंच चाललं. तरी रोज संध्याकाळी गटात नंदाच्या नावाने बोलून ठेवत. "आज ना उद्या आत घेतील तिला. मंग ऐकंल."

त्यांना झटका आला तो सकाळी, ऑफिसला निघताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजायचं, पण बोलायला गेल्या की 'पा' एवढंच बाहेर पडायचं. लेकीने त्यांना कापूरहोळला आपल्या घरी नेलं.

बातमी पसरली तशा बायका ऑफिसात येऊ लागल्या. नंदाही आली, पोटाशी दुसरं बाळ घेऊन. म्हणाली, "ताई, सिस्टर माझ्यासाठी बोलून ठेवत हुत्या म्हनं. त्येवढं ऐकवा की." मी पुण्याला विचारलं. तिथला ॲडमिन एक नम्र मुलगा होता, त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, मला कळतंय," तो म्हणाला. "पण त्यात पेशंटची नावं आहेत. बाहेर देता येत नाही. वर विचारून पाहतो." वर विचारलं. वरच्यांनीही तेच सांगितलं. शिवाय सिस्टर आता कामावर नसल्यामुळे त्यांचं खातं बंद होणार होतं आणि खात्याबरोबर त्यांचे निरोपही जाणार होते. त्या मुलाने ते चार दिवस लांबवलं. त्याच्या हातात तेवढंच होतं.

मी कानाला इअरफोन लावून बसले. म्हटलं, ज्या निरोपांत कुणाची काही खासगी गोष्ट नाही, तेवढे तरी उतरवून घ्यावेत आणि त्याला विचारून नंदाला द्यावेत. एकेक ऐकत गेले. "सुमनऽ, अंगावरचं जाणं थांबलं का?" "कमलऽ, रक्त वाढलं का?" "नंदाऽ, औंदा दिवस गेलेत म्हनं, मला कुनी सांगितलंच न्हाई." सिस्टर बिननावाचं काही बोललेल्याच नव्हत्या. ती माहेरी घालवलेली सून मला आठवत होती. काय उतरवावं आणि काय सोडावं, माझं ठरेना. ठरायच्या आतच एका दुपारी प्रत्येक निरोपाच्या जागी राखाडी पट्टी आली, 'हा संदेश उपलब्ध नाही'. मी फोन केला. मुलगा म्हणाला, "मॅडम, ते आपोआप झालं."

त्या आठवड्यात मी नंदाला घेऊन कापूरहोळला गेले. हमरस्त्यालगतच्या पंक्चरच्या दुकानामागे लेकीचं घर. ट्रक गेला की खिडकी थरथरायची. नंदाने बाळ सिस्टरांच्या डाव्या कुशीत ठेवलं आणि न थांबता सांगत सुटली. थोरल्याला पानी उकळून देते, बाळाला अंगावरच पाजते, त्याच्या दोन्ही टोचण्या झाल्या. सिस्टर ऐकत होत्या. एकाएकी त्यांनी मान जोरात हलवली.

"पा," त्या म्हणाल्या. "पा. पा."

"पानी? उकळूनच देते ओ."

मान हलली. नाही.

"पाजायचं? पाळना? पावडर लावू नको म्हनताय?"

नाही. लेकीने उशी सारखी केली, पाणी पुढे केलं, त्यांनी तोंड फिरवलं. नंदाने बाळाचं दुपटं सोडून त्याचे दोन्ही पाय उचलून दाखवले. "पाय बघा, पायाचं कायतरी हाय का?" सिस्टर पायांकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग त्या दमल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. नंदाची गाडी चुकली असती, म्हणून आम्ही उठलो.

नंदाने दुसऱ्याच दिवशी बाळाला भोरला नेऊन पाय दाखवले. डॉक्टर म्हणाले, पोर ठणठणीत आहे. पाऊस संपता संपता सिस्टर गेल्या.

नंदा आता बाजाराला आली की ऑफिसात डोकावते. पोर आता चालतं, बडबडतं. मागच्या खेपेला ती त्याला माझ्या टेबलावर बसवून बराच वेळ निरखत राहिली.

"बरा आहे की गं," मी म्हणाले.

"बरा हाय ओ ताई," ती म्हणाली. "पर माझ्याकडनं कायतरी राहिलंय. सिस्टरांनी बघितलं हुतं."