बेचाळीस नंबरचं पाकीट

आमच्या मालकांना एकच गर्व. "सुरेखा, चाळीस वर्षं धंदा केला, पण एका माणसाचा फोटो दुसऱ्याच्या हातात गेला न्हाई." दाढी करताना म्हणतील, जेवताना म्हणतील, पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हेच ऐकवतील. मी म्हणायचे, "फोटोचं खरं असंल बापा, पण सोताचा चष्मा एक दिवस तरी जागेवर ठेवला का?" रोज सकाळी तो मीच हुडकून देते.

मालकांचं नाव बद्रीनाथ. जुन्या जालन्यात, मस्तगडला आमचं दुकान होतं, 'प्रियदर्शनी फोटो स्टुडिओ'. आता ही प्रियदर्शनी कोण, ह्याच्यावरून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी दोन दिवस अबोला धरला होता. पाटी रंगवणाऱ्यानं नाव सुचवलं म्हणतात. माझा अजून बिलकुल विश्वास न्हाई.

त्या दुकानात एक काळा कोट होता. खेड्यातल्या माणसाचा जन्मात एखाद-दुसरा फोटो निघायचा तो काळ. अंगात सदरा कसाबी असो, वरून हा कोट. शिवलाच होता थोराड माणसाच्या मापाचा. किडकिडीत पोरगं आलं की मालक पाठीमागून कपडे वाळवायचे चिमटे लावून तो आवळायचे. मनगटाला दुकानाचं घड्याळ, तेबी बंद पडलेलं. तोंडाला पावडर, पाणी लावून भांग, मागं बागेचा पडदा. बसताना कुणबी, उठताना साहेब! आणि लोकांनाबी तेच पाह्यजे होतं. फोटो हातात पडला की खूश होऊन म्हणायचे, "काय फोटो काढला बद्रीशेठ! वळखूच येत न्हाई!" हे कौतुक असायचं बरं का. ते ऐकलं की मालक दिवसभर फुगून राह्यचे.

मंग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि तीन वर्षांमागं दुकान बंद केलं. सामान घरी आणलं त्यात दोन पेट्या निघाल्या, लोकांनी काढून न नेलेल्या फोटोंच्या. पाकिटावर नंबर, आत फोटो. नावगाव वहीत. दोनशेच्या वर पाकिटं. मी म्हणलं, रद्दीत द्या, घरात पाय ठेवायला जागा न्हाई. तर मालक ताटावरून उठले. "माणसं हायेत त्याच्यात," म्हणले.

आमची नात प्रांजली कॉलेजात शिकती. तीच म्हणली, "आजोबा, ज्याचं त्याला नेऊन द्या ना. आणि त्याच कोटात परत एक फोटो काढा." झालं! डांबराच्या गोळ्यांतून कोट निघाला, पडदा निघाला. दोन वर्षं झाली, हप्त्यातून एकदा आम्ही एसटीत. कॅमेरा त्यांच्याकडं, कोट आणि पडदा माझ्याकडं. मी कुरकुर करते, पण जाते. कारण एकदा एका म्हातारीच्या हातात तिचाच सतराव्या वर्षाचा फोटो दिला, तर ती सुनेला म्हणली, "ही कुणाची गं पोरगी? लई गोड हाय." त्या दिवशी मी गाडीत खिडकीकडं तोंड करून रडले. मालकांना कळू दिलं न्हाई.

तर मागच्या माघात आम्ही बेचाळीस नंबरचं पाकीट घेऊन निघालो. रखमाजी, गाव अंबडच्या पलीकडचं. साल पंच्याऐंशी. नवरात्रात अंबडला देवीच्या यात्रेत मालक पडदा लावायचे, तवाचा फोटो. रखमाजीचं घर मेंढपाळाचं, आता शेतीबी हाय. म्हातारा अंगणात बाजेवर बसलेला, मिशा पांढऱ्याशिप्पट, कानात सोन्याची बाळी. मालकांनी मोठ्या थाटात पाकीट दिलं. रखमाजीनं फोटो लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

"हा मी न्हाई."

मालक हसले. "अहो वय झालं की माणूस सोताला वळखत न्हाई. रोजचंच हाय हे."

"वळखत न्हाई म्हणजे?" म्हातारा खवळला. "माझ्या कानात पाच वर्षाचा असल्यापासून बाळी हाय. ह्याच्या कानाला भोक तरी दिसतंय का?"

मालकांनी भिंग काढलं. पाहत राह्यले. भोक नव्हतं.

मंग रखमाजीलाच आठवलं. "यात्रेत माझ्यापुढं एक पोरगं होतं. त्याचा नंबर पुकारला, तर ते म्हणलं, तू बस रे आधी, मी तोंड धुऊन येतो. मंग त्याच्या नंबरात मी बसलो आणि माझ्या नंबरात ते. मी तर पुढं मेंढरं घेऊन गेल्तो, फोटो न्यायला जालन्याला कोण येतंय!"

मालक बाजेच्या कडेला खालीच बसले. मी म्हणलं, तुम्हाला दिसलं कसं न्हाई? तर हळूच म्हणले, "मी तोंड कुठं पाहत होतो सुरेखा? मी कोट पाहत होतो."

वही माझ्याच पिशवीत होती. एकेचाळीस नंबर: रामप्रसाद. आणि त्याच्यापुढं मालकांच्याच अक्षरात, पुढच्या सालातली नोंद: 'मयत. मोठा करून दिला.' ते वाचलं आणि मालकांचं तोंड उतरलं. त्यांना तो दिवस बराबर आठवत होता. रामप्रसादचा थोरला भाऊ फोटोच्या नंबराची चिठ्ठी घेऊन आल्ता. विहिरीची दरड अंगावर पडून भाऊ गेला, पंधरा दिवस झाले होते. "त्याचं पोरगं अजून पोटात हाय," म्हणला. "त्याला बाप दाखवायला एवढा एकच फोटो हाय, शेठ. चांगला मोठा करा." आणि मालकांनी रखमाजीचा मोठा करून दिला.

रखमाजीला सगळं कळलं तवा तो डोळे मोठे करून म्हणला, "म्हणजे मी जित्ता असून माझ्या फोटोला हार? तरीच मला मरण येईना!" हसला बिचारा. त्यानं कोट घातला, पोटावर गुंडी लागली न्हाई तरी ऐटीत बसला. मालकांनी फोटो काढला. रामप्रसादचं पोरगं अंबडला राहतं, शेतातल्या मोटारी दुरुस्त करतं, नाव भारत, हे वहीतलं नावगाव ऐकून रखमाजीच्याच मुलानं सांगितलं.

अंबडच्या स्टँडवर मालक जालन्याच्या गाडीकडं चालू लागले. मी हात धरला.

"कुठं?"

"घरी. अडतीस वर्षं झाली, लोकांचं नीट चाललंय. आता कशाला त्यांचं घर हालवायचं?"

"लोकांचं नीट चाललंय का तुमच्या गर्वाचं?" मी भर स्टँडात बोलले, लोक पाहून राह्यले होते. "एका लेकरानं अजून बाप पाह्यला न्हाई, आणि तो बाप ह्या पिशवीत हाय. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी सांगते!"

मंग मुकाट्यानं माझ्यामागं आले.

भारतचं घर त्याच्या मोटारीच्या दुकानाच्याच मागं. आमच्या स्टुडिओचं नाव सांगितलं, तसा हाताला काळं तेल तरी पुढं येऊन मालकांच्या पाया पडला. "तुम्हीच बापूंचा फोटो काढला का?" समोरच भिंतीवर तो फोटो. काळा कोट, बंद घड्याळ, ताजा हार. कानात बाळी. मी फोटो पाह्यला, मंग भारतकडं पाह्यलं. त्याच्याबी कानात तशीच बाळी होती. "बापूंची आवड," तो म्हणला. "सातवीत असताना हट्टानं कान टोचून घेतला. आमच्या घरात दुसरं कुणीच घालत न्हाई."

मालक सांगणारच होते. तेवढ्यात भारतची आई, पुष्पाबाई, दारात आली. साठीची बाई, ताठ. मालकांकडं पाह्यलं, माझ्या हातातल्या पिशवीकडं पाह्यलं, आणि मला म्हणली, "चहा टाकते. तुम्ही आत या जरा."

आत गेल्यावर तिनं स्टो पेटवलाच न्हाई.

"नंबर चुकल्ता, हेच सांगायला आलात ना?"

मी म्हणलं, "तुम्हाला म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून. सोताचा नवरा वळखू येणार न्हाई का मला?" ती भिंतीला टेकली. "दिराला शंका आल्ती. पण लोक म्हणले, फोटोत कोण सोतासारखा दिसतो? कोट दुकानाचा, घड्याळ दुकानाचं, बाळीबी दुकानाचीच असंल. आणि सासू माझी डोळ्यानं अधू. लेक गेल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. फोटो आला, तिनं काचेवरून हात फिरवला, 'आला माझा रामा' म्हणली आणि भाकर खाल्ली. मी काय बोलू? बारा वर्षं जगली ती. तवर भारत त्याच फोटोला नमस्कार करून शाळेत जायला लागला. मंग कान टोचून आला. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले, पण बोलले न्हाई."

मी तिचा हात धरला. मंग जे बोलली ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाई.

"फसवल्याचं मला काही वाटत न्हाई बाई. पण मी त्यांचं तोंड इसरले. दीड वर्षाचा संसार आमचा. डोळे मिटले की हा बाळीवालाच येतो. खरे ते येतच न्हाईत."

मी पिशवीतून बेचाळीस नंबरचं पाकीट काढलं. तिनं पदराला हात पुसले, दोनदा पुसले, आणि फोटो घेतला. कोट खांद्यावरून उतरलेला, मिसरूड नुकतंच फुटलेलं, तोंड धुतलेलं पाणी अजून कानामागं चमकत होतं.

"हेच," ती म्हणली. "हेच हायेत." मंग तोंडाला पदर लावला. "अगं, लेकरू हाय हे! माझ्या भारतपेक्षा लहान!"

बाहेर मालकांनी तोवर सांगून टाकलं होतं. भारत खुर्चीवर बसला होता, मालक त्याच्यापुढं हात जोडून उभे. पुष्पाबाईनं फोटो पोराच्या हातात दिला. त्यानं लई वेळ पाह्यलं. हात कानाच्या बाळीकडं गेला, तिथंच राह्यला.

"आई, माझं नाक ह्यांच्यासारखं हाय," एवढंच म्हणला, आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मालकबी रडले. मी दोघांनाबी दटावलं, कारण न्हाईतर मीच सुरू झाले असते.

जरा शांत झाल्यावर भारतनं भिंतीवरचा फोटो उतरवला, हार काढला, काच पुसली. "हा रखमाजींना मी सोता नेऊन देतो," म्हणला. "इतक्या वर्षांचा नमस्कार हाय त्यांच्याकडं. बाळीबी राहू द्यावी म्हणतो."

मालक कॅमेरा पिशवीत घालू लागले, तर पुष्पाबाई म्हणली, "भाऊ, माझा एक काढा. ह्यांच्याबरोबर. आमचा दोघांचा एकबी न्हाई."

अंगणात पडदा लावला. ती स्टुलावर बसली, मांडीवर तो एवढासा फोटो दोन्ही हातांनी धरून. मालकांचा हात सवयीनं पावडरच्या डब्याकडं गेला. पफ घेऊन ते तिच्याजवळ वाकले, तसं तिनं तोंड बाजूला केलं.

"पावडर नको भाऊ," ती म्हणली. "आधीच एवढी म्हातारी झाले. मी त्यांना वळखू आले पाह्यजे."

मालकांनी डबा मिटला. ह्या वेळी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी तिच्या तोंडाकडं नीट पाह्यलं.