येऊ का?

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या गुहेत पाण्याचं टाकं आहे. उन्हाळ्यात खालची वस्ती तेच पाणी पिते. जिवलग मित्रासोबत मी पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा वस्तीवरच्या एका मावशींनी आम्हाला गुहेच्या तोंडाशीच अडवलं.

"वहाणा हितं काढा. आन् आत जायच्या आदी 'येऊ का?' म्हनून इचारा."

"कुणाला?" मित्रानं विचारलं.

"पान्याला. तुज्या घरात कुनी न इचारता शिरलं तर चालंल व्हय?"

आम्ही हसलो, पण विचारलं. निघताना मित्रानं मावशींना शब्द दिला, की ही वाट आम्ही कुणाला दाखवणार नाही. आम्ही दोघं पाण्याच्या चळवळीची पत्रकं वाटत मोठे झालो. 'पाणी विकायची वस्तू नाही' हे आमच्या पत्रकातलं वाक्य त्याचंच होतं. त्याच्या शब्दाबद्दल मला शंका येणं शक्यच नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात एकटाच गेलो. वाटेवरच्या दगडांवर पांढरे बाण रंगवले होते. गुहेबाहेर तंबू लागले होते, आणि मावशी रिकामी कळशी घेऊन उन्हात बसल्या होत्या.

"तुमच्या दोस्तानं पैसं घिऊन पावनं आनल्यात," त्या म्हणाल्या. "टाक्यात पाय धुत्यात. कळशी कशी भरू?"

मी वहाणा काढल्या आणि गुहेच्या तोंडाशी उभा राहून विचारलं, "येऊ का?"

"ये की रे!" आतून मित्र ओरडला. "आणि चपला असू दे पायात, इथं सगळे बूट घालूनच आलेत."

मी पाण्याला विचारलं होतं. घरमालकासारखं उत्तर तो देत होता.